गावरान कोंबडीचं मायोसिन: एस५८ अँटीबॉडी खरंच खराब झाली का?

अडाणकाठची
नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. आईच्या अंगणातल्या गावरान कोंबडीची छाती पांढरी अन् तंगडी लाल का, हे मला मायोसिनमधून बघायचं आहे. स्नायू आकसतो तेव्हा ॲक्टिनचा धागा ओढणारं हेच प्रथिन, आणि त्याच्या जड साखळीचे जलद-मंद असे प्रकार असतात.

तीन अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारी प्रथिनं) मागवल्या, तिन्ही अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेच्या, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी सांभाळणाऱ्या संस्थेच्या. एमएफ२० सगळ्या प्रकारांना धरते, एफ५९ जलद प्रकाराला, एस५८ मंदला. एमएफ२० तर मुळात कोंबडीच्या छातीच्या मायोसिनवरच तयार केलेली, म्हणून मला भारी विश्वास होता.

पार्सल मे महिन्यात आलं. डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. त्याच आठवड्यात दोन रात्री लाइट गेली. आता वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची अन् अँटीबॉडीनं ओळखायची) एमएफ२० आणि एफ५९ दोन्हींची पट्टी २०० किलोडाल्टन वजनाच्या जरा वर, मायोसिनच्या जागी, स्वच्छ दिसते. एस५८ मात्र कोरी. छातीतही कोरी, तंगडीतही कोरी. तीनदा केलं.

सर म्हणतात मेली ती, नवीन मागव. शिष्यवृत्तीचे पैसे कित्येक महिने आले नाहीत, नवीन कुठून मागवू? अन् तिसरी कोंबडी आईनं डोळे पुसत पकडून दिली होती. तिचा नमुना वाया जाऊ नये असं फार वाटतं. ही खरंच उन्हानं गेली असेल का?

ऊतकखोली, नागपूर
ताई, नवीन मागवू नका. आधी तुमच्या दुय्यम अँटीबॉडीच्या (पहिलीला धरून रंग आणणाऱ्या दुसरीच्या) बाटलीवर काय लिहिलंय ते बघा.

तिन्ही उंदराच्याच अँटीबॉडी, पण वर्ग वेगळे. एमएफ२० आणि एफ५९ या आयजीजी वर्गातल्या. एस५८ आयजीए वर्गातली आहे. तुमची दुय्यम जर उंदराच्या आयजीजीच्या फक्त गॅमा साखळीला (ती आयजीजी वर्गातच असते) धरणारी असेल, तर एस५८ पडद्यावर व्यवस्थित बसलेली असूनही ती तिला ओळखणारच नाही. उंदराच्या स्नायूवर काम करताना बीएफ-एफ३ या मायोसिनच्याच दुसऱ्या अँटीबॉडीबाबतीत माझं हेच झालं होतं, ती आयजीएम या तिसऱ्या वर्गातली. चार महिने मी ब्लॉकिंग (पडद्याची रिकामी जागा झाकायची पायरी) बदलत बसलो. त्यामुळे तुमचं वाचून राहवलं नाही.

तपासायला कोंबडी लागत नाही. नायट्रोसेल्युलोजच्या (ब्लॉटच्या पडद्याच्या) तुकड्यावर एस५८ चा एक थेंब, शेजारी एफ५९ चा एक थेंब. वाळू द्या, ब्लॉक करा, थेट दुय्यम घाला, रंग आणा. एफ५९ चा ठिपका उठला आणि एस५८ चा नाही, तर संशय दुय्यमवर घ्या.

उन्हाचं म्हणाल तर अँटीबॉडी म्हणजे दूध नव्हे, एखाद-दोन दिवसांच्या उष्णतेनं ती सहसा मरत नाही. पुन्हापुन्हा गोठवणं-वितळवणं जास्त वाईट. प्रथिनं पडद्यावर उतरवण्यावरही (ट्रान्सफर) शंका नको, तेवढ्याच वजनाची पट्टी एफ५९ नं दाखवलीच आहे.

आणखी एक. लाल म्हणजे मंद, असं धरून चालू नका. लाल रंग मायोग्लोबिनचा, स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या प्रथिनाचा. जलद मायोसिनचे तंतूही लाल असतात, आणि तंगडीत किती तरी वेगवेगळे स्नायू आहेत. तुम्ही मांडीचा कुठलाही तुकडा घेतला असेल तर त्यात मंद मायोसिन फार थोडं असू शकतं. खात्रीचा नमुना हवा तर पाठीच्या कण्याकडून पंखाच्या मुळाशी जाणारी पातळ पट्टी काढा, अँटीरिअर लॅटिसिमस डॉर्सी. कोंबडीत ती मंद तंतूंचीच असते. त्याच्या मागचा पोस्टेरिअर जलद. दोन्ही एकाच पक्ष्यात, हाताच्या अंतरावरही नाहीत.

अडाणकाठची
बाटली बघितली. ‘गॅमा साखळी’ असंच छापलंय. मी वर्षभर तीच वापरतेय.

थेंबही करून पाहिले. एफ५९ गडद, एस५८ च्या जागी काहीच नाही. बाजूच्या प्रयोगशाळेत उंदराच्या आयजीएवरची दुय्यम आहे, थोडी देतो म्हणाले. तिच्यावर एस५८ चा ठिपका उठला! खूप खूप आभार, दादा. जुनाच नमुना परत लावते, अन् आईला सांगून पंखाजवळची ती पट्टीही काढते. मला तंतूंचे छेदही करायचे आहेत, त्यासाठी तुकडा झटकन गोठवावा लागतो, पण द्रव नायट्रोजन इकडे कुठे मिळेल?

पशुधन पर्यवेक्षक, आर्णी
ताई, नायट्रोजन लागत असन तं आर्णीले या. कृत्रिम रेतनासाठी आमच्या दवाखान्यात नायट्रोजनचं पिंप राह्यतेच. भरणी झाल्यावर येजा, साहेबांले विचारून थोडा देता येईन. रेतमात्रा सांभाळा लागते, म्हणून आधी फोन करजा. आपलं भांडं आणजा अन् झाकण घट्ट लावू नोका, वाफ कोंडली तं फुटते. गाडीत काच खाली ठेवजा.

ऊतकखोली, नागपूर
तुकडा थेट नायट्रोजनमध्ये टाकू नका मात्र. भोवती वाफेचं आवरण होतं, गोठणं मंदावतं आणि बर्फाच्या स्फटिकांनी तंतूंना भोकं पडतात. नायट्रोजनमध्ये छोटा पेला धरून त्यात आयसोपेंटेन हा द्रव गार करा, तुकडा त्यात बुडवा. आयसोपेंटेन मी पाठवतो म्हटलं असतं, पण ते ज्वालाग्राही, कुरिअर घेणार नाही. नागपूरला आलात तर घेऊन जा.

अडाणकाठची
सोमवारी आर्णी, गुरुवारी नागपूर. भांडं शोधतेय.