साखरेवर बंदी नव्हतीच
"अमेरिकेने इराणवर लादलेल्या निर्बंधांत अन्न-औषधांना सूट असते, मग इराणी जनतेला झळ कशी?" असं काही जण विचारतात. हा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण घोडं पैशापाशी अडतं. कोल्हापूरकराला हे साखरेवरनं चटकन कळावं. आपली साखर इराणला जायची तिचे पैसे युको बँकेतल्या रुपया खात्यातनं मिळायचे, आणि त्या खात्यात रुपये पडायचे ते भारताने घेतलेल्या इराणी तेलाचे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणी तेल घ्यायची भारताला दिलेली मुभा काढली, भारताने तेल थांबवलं, खातं आटत गेलं. २०२१ पर्यंत व्यापारी नवे सौदे करायला कचरू लागले. (कारखान्यांना इंडोनेशियासारखी दुसरी गिऱ्हाइकं होती म्हणा.) तेहरानचं सरकार मात्र जागच्या जागी!

निर्बंधांनी वर्णभेदी राजवट हटली, हा दक्षिण आफ्रिकेचा दाखला इथे लावू नका. तिथे निर्बंध लावा असं वर्णभेदाविरुद्ध लढणारी खुद्द आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच जगाला सांगत होती.