मदत हवी आहे: आबांना साज ओळखू येतो, मी नाही

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेत घर. सासरे ७८ वर्षांचे. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, चाळीसेक वर्षं गळ्यातले कोल्हापुरी साज घडवले. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं (त्यानंही विसरायला होतं आणि ते सुधारतं, आमची सगळी आशा तिथंच होती), मग एमआरआय. डोनेपेझिल चालू आहे. गोळीनं आजार थांबणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे औषधाबद्दल विचारत नाहीये.

माझ्या लग्नातला साज आबांनी स्वतः घडवला. एकवीस पानं, त्यात दशावतार. माहेरी बेताचंच होतं, तर बोलणीतच म्हणाले होते, "पोरीच्या गळ्यातलं मी बघतो." तेव्हापासून मी पोरीच. नावानं हाक कधी मारली नाही.

गेल्या गौरीला साज घालून ताट वाढायला गेले. आबा एकटक बघत होते. म्हणाले, "बाई, हा साज आमच्या सुनेचा हाय. तुमच्याकडं कसा आला?"

बाई. आणि तुम्ही.

"आबा, मीच की!" म्हटलं तर चिडले. सून तेवीस वर्षांची आहे म्हणे. कासवाच्या पानामागं त्यांनी केलेली खूण मात्र बरोबर शोधून दाखवली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला सुरू: "सुनेचा साज चोरीला गेला, चौकीवर चला." एकदा अनवाणीच निघाले, गंगावेशीत सापडले. आता खिशात फोन नंबरची चिठ्ठी असते.

नणंद म्हणते, लॉकरमध्ये टाक. हे म्हणतात, समजावून सांगू. समजावलं की आबा जेवत नाहीत. मला वाटतं, साज त्यांच्या हातात द्यावा आणि सांगावं, सुनेनं दुरुस्तीला पाठवलाय. चालेल का असं खोटं बोललेलं? आणि मग मी कोण, दुरुस्तीला घेऊन आलेली बाई?

प्रतिसाद १
ताई, आईच्या वेळी मी दोन वर्षं "अगं, तसं नाही" म्हणण्यात घालवली. खरं-खोटं करू नका. दुरुस्तीचं सांगा बिनधास्त. अंधारायच्या आत घरातले दिवे लावा, त्याच वेळी हातात काम द्या. खरं सोनं मात्र नको, कुठं ठेवतील सांगता येत नाही. एक ग्रॅमचा साज मिळतो. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट. स्वतःसाठीही फोन करा, फक्त त्यांच्यासाठी नको.

मूळ लेखिका
एक ग्रॅमचा आणला. हातात घेतल्या घेतल्या म्हणाले, "मुलामा हाय ह्यो. फसवलं बाई तुमाला." किती दिवसांनी हसले मी! शेवटी खराच दिला, शेजारी बसून राहिले. अर्धा तास धोतराच्या सोग्यानं पुसत होते. चौकीचं नाव नाही काढलं. जेवले.

उद्या फोन करते.