मदत हवी आहे: कोंबडीतला कॅम्पायलोबॅक्टर कोलाय जीवाणू, पण काही जनुकं त्याच्या जवळच्या जेजुनी या प्रजातीची. मिसळ की खरी देवाणघेवाण?

जीनोमवाचक:
कोंबडीच्या विष्ठेतून वाढवलेल्या एका स्ट्रेनचा जीनोम तपासतोय. हिप्युरेट (जेजुनी ओळखायची चाचणी) निगेटिव्ह, एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य, टक्क्यांत) कोलायशी 98 च्या वर, जेजुनीशी 87.3. एमएलएसटीत (सात जनुकांवरून वंश ओळखण्याच्या पद्धतीत) एसटी-828 हा प्रकार. पण त्या सातांपैकी यूएनसीए जनुकाचा वंशवृक्ष काढला की स्ट्रेन सरळ जेजुनीत जाऊन बसतो. मूळ नमुन्यात दोन्ही प्रजाती होत्या, म्हणजे मिसळ झाली असेल का? जनुकं खरंच आली असतील, तर ती याच कोंबड्यांत आली असं लिहिता येईल का? गबिन्स हे सॉफ्टवेअर तर जवळपास सगळीकडे रिकॉम्बिनेशन (बाहेरच्या डीएनएशी अदलाबदल) दाखवतंय.

कॉलनी४२:
आधी मिसळीचं निकालात काढा. या दोन प्रजातींच्या गाभ्याच्या (सगळ्या स्ट्रेन्समध्ये असणाऱ्या) जनुकांत सुमारे 14 टक्के फरक असतो, म्हणून मिसळ असली तर असेंब्लीत (तुकडे जुळवून उभ्या केलेल्या जीनोममध्ये) एकाच जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या कॉन्टिगवर (जुळलेल्या सलग पट्ट्यांवर) येतात. जीनोम 1.7 मेगाबेसच्या बराच पुढे जातो आणि चेकएम या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंटॅमिनेशनचा आकडा चढतो. खऱ्या देवाणघेवाणीत प्रत एकच, कव्हरेज (ती किती वेळा वाचली गेली ते) शेजारच्या जनुकांइतकंच.

खरा पुरावा सांध्यावर मिळतो. रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) स्वतःच्याच असेंब्लीवर मॅप करा आणि कोलायचा क्रम संपून जेजुनीचा सुरू होतो तिथे झूम करा. एकच रीड सांध्याच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, आणि असे रीड्स भरपूर आहेत, तर तो तुकडा त्याच गुणसूत्रातला. एखाददुसऱ्या रीडवर विसंबू नका, पीसीआरमध्येही असे जोडतुकडे तयार होतात.

तरीही शंका उरली तर स्टॉकमधून सलग तीनदा एकेक कॉलनी वेगळी करा: 42 अंश, 48 तास, 5 टक्के ऑक्सिजन, 10 टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. प्लेट आधी नीट वाळवा. ओलसर आगारवर या कॉलन्या पसरून एकमेकींत शिरतात.

तुमचे आकडे मात्र मला मिसळीचे वाटत नाहीत. एसटी-828 मधला यूएनसीएचा 17 नंबरचा अलील (जनुकाचं रूप) मुळातच जेजुनीकडचा आहे. शेपर्ड आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या कामानुसार 828 संकुलात (एसटी-828 आणि त्याच्या जवळच्या प्रकारांच्या गटात) गाभ्याचा सुमारे 10 टक्के भाग जेजुनीचा आहे, 1150 संकुलात 23 टक्के. 10 टक्के भाग जेजुनीशी 98 ला जुळतो आणि उरलेला 86 ला, असं धरलं तर सरासरी 87.2 येते.

पाणपक्षी:
'याच कोंबड्यांत' असं अजिबात लिहू नका. 828 संकुल कोंबडी, डुक्कर, माणूस सगळ्यांत सापडतं. पबएमएलएसटी या सार्वजनिक डेटाबेसवरून डुकरांतले आणि दुसऱ्या देशांतले 828 उतरवून घ्या. तुकड्याची दोन्ही टोकं सगळ्यांत त्याच बेसवर असतील, तर तो पूर्वजाकडून वारशाने आलाय. फक्त तुमच्या स्ट्रेनमध्ये असलेला आणि कोंबडीत फिरणाऱ्या एखाद्या जेजुनी वंशाशी जवळजवळ 100 टक्के जुळणारा तुकडा मिळाला, तरच त्याला अलीकडची आयात म्हणा.

यजमानाचा परिणाम बघायचा असेल तर कोलायचे क्लेड (वंशशाखा) 2 आणि 3 तुलनेला हवेतच. ते पाणपक्षी आणि नदीच्या पाण्याशी जोडलेले आहेत, आणि त्यांच्यात जेजुनीचं डीएनए फारसं नाही. पाळीव जनावरांत स्थिरावलेल्या क्लेड 1 मध्ये ते साचत गेलं, तेही मुख्यतः जेजुनीकडून कोलायकडे. एकाच आतड्यात दोघांची गाठ पडली, म्हणून प्रजातींमधली भिंत तिथे झिरपू लागली असावी. माझ्या मते तुमच्या कामाचा गाभा हाच असावा.

गबिन्स इथे चालवू नका. ते एका वंशातल्या जवळच्या स्ट्रेन्ससाठी आहे, इनपुटमध्ये दुसरी प्रजाती आली की त्याचे अंदाज कोलमडतात. त्याऐवजी प्रत्येक जनुकाचा वेगळा वृक्ष काढा. त्याआधी रोरी या जनुकांचे गट पाडणाऱ्या सॉफ्टवेअरची 95 टक्के साम्याची डिफॉल्ट मर्यादा 80 च्या आसपास आणा. नाहीतर जेजुनीचं आणि कोलायचं तेच जनुक दोन वेगळी जनुकं म्हणून मोजलं जातं, आणि नेमकी आयात झालेली जनुकंच गाभ्यातून गळतात.

जीनोमवाचक:
क्लेड 1 मधलेच, पण जेजुनीचं डीएनए नसलेले कोलाय संदर्भाला लागतील का?

पाणपक्षी:
हो, मिळतील तेवढे घ्या. आधी त्यांची जेजुनीशी जनुकागणिक तुलना करा आणि 5 टक्क्यांहून कमी फरक असलेली जनुकं यादीतून काढून टाका. रायबोसोमच्या 16एससारखी जनुकं दोन्ही प्रजातींत मुळातच जवळजवळ सारखी असतात, ती आयात म्हणून मोजली गेली तर तुमची टक्केवारी उगाच फुगेल.