भौतिकशास्त्राच्या व्हिडिओला निवेदन हवंच कशाला?

लंबक: माझं मत सरळ आहे. चित्र हलतं ठेवा, बोलणं काढून टाका. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच खाली आली. हे बघायला कुठली भाषा लागते? एकच चित्रफीत जगभर चालेल, डबिंगवर पैसे का उधळायचे?

घर्षण: दिसलं, पण कळलं काय? निम्मी पोरं म्हणतील, 'चंद्रावर गुरुत्वाकर्षणच नाही ना, म्हणून!' अरे, नाही तर हातोडा पडला कसा? पिसाला अडवायला तिथे हवा नाही, ही खरी गोष्ट मूकपटात कोण सांगणार? 'व्हेरिटासियम' या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनेलवाल्या डेरेक मुलरने सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी हेच तपासलं. सरळसोट समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना 'एकदम क्लिअर' वाटला, पण गुण फारसे वाढले नाहीत. चुकीची समजूत आधी बोलून दाखवून मग खोडणारा व्हिडिओ गोंधळाचा वाटला, पण शिकले त्यातूनच जास्त. समजूत खोडायला संवाद लागतो, आणि संवाद आपल्या भाषेतलाच लागतो.

लंबक: मग खाली दोन ओळी मजकूर टाका, झालं.

तिरपा किरण: तेवढ्यात हातोडा पडून मोकळा! डोळे एकच, अक्षरं वाचणार की चित्र बघणार? त्यापेक्षा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' बघा, म्हणजे संगणकावर स्वतः करून बघायचे आभासी प्रयोग, सिम्युलेशन. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. बल्ब जोडा, बॅटरी वाढवा, इलेक्ट्रॉन भराभर पळतात, उजेड वाढतो. मजकूर मोजकाच, त्यामुळे शंभरहून जास्त भाषांत भाषांतरं झाली आहेत. चित्र तेच, फक्त शब्द बदलायचे. शिवाय घाई नाही, मूल आपल्या गतीने चुकतं.

घर्षण: हो, आणि करंट जास्त झाला की बॅटरी पेटते. मग अख्खा तास आगी लावण्यात! (खोटं कशाला बोलू, मीही लावल्या.) बटण दाबण्याआधी 'आता काय होईल, सांग बरं' असं विचारणारं कुणीतरी हवं.

तिरपा किरण: ते मान्य. पण त्याच विद्यापीठातल्या २००५ च्या अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेल्यांनी खरं सर्किटसुद्धा खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा चांगलं जोडलं.

घर्षण: प्रयोगशाळेच्या तासाला, शिकवणारे हजर असताना. घरी एकट्याने नाही.

लंबक: म्हणजे माझंच खरं! शिक्षक बोलणारच असेल तर व्हिडिओत दुसरा आवाज कशाला?

घर्षण: जिथे शिक्षक नाही, तिथल्या मुलाने मग कुणाला विचारायचं?