तांब्यावर उगवलेल्या नॅनोवायर थंड होताना थरासकट सुटतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गॅस सेन्सरसाठी (वायू लागला की वायरचा विद्युत रोध बदलतो, तो मोजायचा) तांब्याच्या फॉइलवर कॉपर ऑक्साइडच्या नॅनोवायर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारा, उगवतोय. फॉइल सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून जुना ऑक्साइड काढतो, धुऊन नायट्रोजनने सुकवतो आणि ट्यूब फर्नेसमध्ये (नळीच्या भट्टीत) हवेतच 500 अंश सेल्सिअसला 4 तास ठेवतो. वायर येतात, छान येतात. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दाट गवत उगवल्यासारखं दिसतं.

पण नमुना बाहेर काढला की बारीक तडतड ऐकू येते आणि काळा थर पापुद्र्यांनी उडतो. काल चिमट्यात धरलेल्या फॉइलवरून नखाएवढा तुकडा डोळ्यांदेखत निसटला. पाठीमागून लालसर, म्हणजे क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचा कमी ऑक्सिजनचा लाल ऑक्साइड), आणि खाली उघडं तांबं. चार तासांची मेहनत टेबलावर पडलेली बघून फार वाईट वाटलं.

तांबं ऑक्साइडपेक्षा बरंच जास्त आकसतं, म्हणून वरचा ठिसूळ थर दाबला जाऊन उचलला जातो, हे कळतं. पण ऑक्साइड होताना आकारमान सुमारे 1.7 पट होतं आणि त्याच ताणामुळे वायर बाहेर येतात असं मानतात. मग ताण कमी केला तर वायरच उगवणार नाहीत ना? इथे अडकलोय. वेळ कमी करून पाहिला, वायर आखूड राहिल्या.

प्रतिसाद १:
दोन ताणांची गल्लत होतेय. वाढीचा ताण 500 अंशांनाच काम करतो, त्याला हात लावू नका. थर उडवतो तो थंड होतानाचा. नमुना गरम असताना बाहेर काढूच नका, फर्नेसमध्येच सावकाश उतरू द्या. थर जाड झाला की त्यात साठलेली ताणाची ऊर्जाही वाढते, म्हणून तो पातळ राहावा यासाठी 450 अंशही करून बघा.

खरं तर सेन्सरसाठी फॉइल नकोच. खालचं तांबं इतकं सुवाहक आहे की करंट तिथूनच जाईल, वायरचा रोध मोजताच येणार नाही. वीज न वाहणारा सिलिकॉन ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनवर, तांबं घट्ट धरायला टायटॅनियमचा पातळ थर देऊन त्यावर तांब्याच्या दोन पट्ट्या जवळजवळ काढा. कडांवरून वायर आडव्या वाढून मधली फट सांधतात.

धागाकर्ता:
करंटचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार! पट्ट्या 1 मायक्रोमीटर जाडीच्या ठेवल्या तर तेवढ्या तांब्यातून फट सांधण्याइतक्या लांब वायर निघतील का? कुणी करून पाहिलं असेल तर फट किती ठेवली तेही सांगा.