"किरकोळ" उताराचा प्लॉट घ्यावा का?

नवखा:
घरासाठी एक प्लॉट बघितलाय. रस्त्यापासून मागे उतरत जातो, लांबी 30 मीटर. विकणारे म्हणतात, "किरकोळ उतार आहे, भराव टाकला की झालं." बघताना मलाही फारसा वाटला नाही. नक्की काय तपासू?

ओळंबा:
उतार नजरेने ठरवू नका. गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा (आत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर सगळं मुसळ केरात), एक जण वर, एक खाली; दोन्हीकडे पाणी जमिनीपासून किती उंच ते मोजा, त्यातला फरक घ्या. नळी पुरली नाही तर टप्प्याटप्प्याने. 30 मीटरात 3 मीटर फरक निघाला तर उतार 10 टक्के, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण त्यावर पुढून मागे 12 मीटर लांबीचं घर बांधायचं तर मागचं जोतं पुढच्यापेक्षा 1.2 मीटर जास्त उचलावं लागतं. किरकोळ ते हेच!

आणि भराव. अर्धं घर मूळ जमिनीवर, अर्धं भरावावर बसवलं की भराव सावकाश दबत जातो आणि दोन्हींच्या सांध्याजवळ भिंतीला तिरकी चीर जाते. पाया भरावाखालच्या घट्ट थरापर्यंत न्यावाच लागतो. म्हणून मागच्या टोकाला खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा. विटांचे तुकडे, प्लास्टिक निघालं तर तिथे आधीच कुणीतरी भराव टाकलाय. झाडंही बघा: बरीचशी बुंध्याशी उताराकडे झुकून वर सरळ झाली असतील तर माती सरकत असण्याची शंका घ्या.

पाणसळ:
रस्त्यापेक्षा खालचा प्लॉट म्हणजे रस्त्याचं पाणी तुमच्या दारात. सांडपाण्याची लाइन रस्त्यात असेल तर पंप लावावा लागेल. हे कुणी आधी सांगत नाही.

नवखा:
धन्यवाद. मागे एक ओहोळ आहे, आत्ता कोरडा. तिकडून भिंत घातली तर चालेल ना?

ओळंबा:
भिंतीमागे खडी आणि भिंतीत पाणी निघायला भोकं हवीत. नुसत्या मातीपेक्षा मागे तुंबलेलं पाणीच भिंत ढकलतं. ओहोळाचं म्हणाल तर काठच्या झुडपांत वाळलेलं गवत, चिंध्या अडकल्यात का बघा. असतील तर पाणी निदान तिथवर चढून गेलंय. नळीने तीही उंची मोजा, आणि जोतं त्याच्या बरंच वर येत असेल तरच पुढची बोलणी करा.