ग्वेंटमध्ये पहिली फेरी केव्हा सोडावी? मदत हवी आहे

नमस्कार. २०१५ सालच्या ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममधील ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ मला मूळ कथानकाइतकाच प्रिय आहे, राक्षसाची शिकार अर्धवट सोडून मी आधी व्यापाऱ्याशी डाव मांडतो. सुरुवातीच्या १० पत्त्यांवरच तिन्ही फेऱ्या निभवायच्या असतात, परंतु ‘उत्तरेकडील राज्ये’ या गटाच्या पत्त्यांच्या संचाला फेरी जिंकल्यावर एक पत्ता जास्त मिळतो, त्या मोहापायी मी पहिल्याच फेरीत सात-आठ पत्ते टाकून बसतो आणि शेवटी हातात एखादा दुबळा पायदळाचा पत्ता उरतो. हेराचा पत्ता समोरच्याच्या बाजूला ठेवल्यास दोन नवे पत्ते मिळतात, हे ठाऊक आहे. मात्र पहिली फेरी नेमकी केव्हा सोडून द्यावी आणि संच किमान २२ योद्ध्यांपुरताच ठेवावा का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.